नदी आणि नंदी: मराठी नोंदींसाठी डेटाबेसचा कॅरेक्टर सेट आणि इंडेक्स कसा लावायचा

एका वाचनालयाची दाखल नोंदवही संगणकावर चढवायचं काम चालू होतं. विषयांची यादी मी वेगळ्या टेबलात ठेवली होती आणि तोच विषय दोनदा पडू नये म्हणून त्यावर युनिक इंडेक्स लावला होता. ‘नदी’ हा विषय आधीच होता. देवळांच्या शिल्पांवरचं एक पुस्तक आलं, म्हणून ग्रंथपाल बाईंनी ‘नंदी’ टंकलं. यंत्राने सांगितलं, ‘डुप्लिकेट एन्ट्री’. बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “अहो, तुमच्या मशीनला अनुस्वार दिसत नाही का?”

दिसतो, पण तो मोजू नकोस असं मीच त्याला नकळत सांगून ठेवलं होतं. कुठली दोन अक्षरं सारखी धरायची, हे डेटाबेसला कुणीतरी सांगावंच लागतं. आपण सांगितलं नाही तर तो कंपनीने दिलेलं उत्तर वापरतो, आणि ते उत्तर देताना मराठी कुणाच्या डोळ्यांसमोर नसते. हा लेख ते उत्तर आपल्या हातात घेण्याबद्दल आहे.

उदाहरणं मायएसक्यूएल या डेटाबेसच्या आठव्या आवृत्तीवरची आहेत. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे. आज्ञा आणि नावं मी नागरीत लिहितोय, पण टाइप करताना ती अर्थातच इंग्रजी अक्षरांतच करायची.

पायरी १: अक्षर आतून कसं दिसतं ते बघा

आपल्याला ‘नदी’ हा दोन अक्षरांचा शब्द वाटतो. डेटाबेसला त्यात तीन चिन्हं दिसतात: न, द आणि दीर्घ वेलांटी. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारा तक्ता, आणि यूटीएफ-८ म्हणजे ते क्रमांक बाइटांत साठवायची पद्धत. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मूळ गटाला १२८ जागा दिल्या आहेत आणि यूटीएफ-८ पद्धतीत त्यातलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे ‘नदी’चे नऊ बाइट. ‘श्रीकृष्ण’ बोलताना तीन अक्षरं, पण आत नऊ चिन्हं आणि सत्तावीस बाइट, कारण दोन्ही हलन्त, वेलांटी आणि ऋकार ही सगळी स्वतंत्र चिन्हं आहेत.

हे स्वतः करून बघा. ‘लेंग्थ’ फंक्शन बाइट मोजतं, ‘कॅर_लेंग्थ’ चिन्हं मोजतं. ‘नदी’ला अनुक्रमे ९ आणि ३ आलं की समजा गाडी रुळावर आहे. ‘कॅर_लेंग्थ’च ९ सांगायला लागलं, तर मजकूर आत बिघडलेला आहे, पडद्यावर कितीही छान दिसत असला तरी. त्याचं कारण पुढच्या पायरीत.

मजकुराच्या कॉलमाला ‘व्हर्कॅर ५०’ असा प्रकार दिला तर ती पन्नास चिन्हं, पन्नास अक्षरं नव्हेत. जोडाक्षरांचं मराठी शीर्षक वाटतं त्याहून लवकर ती जागा संपवतं. शीर्षकाला मी २५५ पेक्षा कमी कधी देत नाही.

पायरी २: कॅरेक्टर सेट तीन ठिकाणी तपासा

मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ८’ या नावाने वर्षानुवर्षं जे मिळत आलं, ते अर्धवट आहे. त्यात एका चिन्हाला जास्तीत जास्त तीनच बाइट मिळतात. देवनागरी नेमकी तीन बाइटांत बसते, त्यामुळे मराठी माणसाला हा घोटाळा कळतच नाही. मग एक दिवस कुणीतरी शेऱ्याच्या रकान्यात नमस्काराच्या हातांची इमोजी टाकतं. तिला चार बाइट लागतात, आणि ‘इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू’ असा दम मिळतो. खरा, पूर्ण सेट म्हणजे ‘यूटीएफ८एमबी४’. तो २०१० मध्ये ५.५.३ आवृत्तीत आला आणि २०१८ च्या ८.० पासून न सांगताही तोच मिळतो. त्याआधी काही सांगितलं नाही तर ‘लॅटिन१’ मिळायचा आणि क्रमवारी चक्क स्वीडिश, कारण कंपनी मूळची स्वीडनची.

तपासायची पहिली जागा डेटाबेस. पण डेटाबेसचा सेट बदलला म्हणून आधीची टेबलं बदलत नाहीत, तो बदल फक्त यापुढे बनणाऱ्या टेबलांना लागू होतो. म्हणून दुसरी जागा टेबल आणि त्यातला एकेक कॉलम. ‘शो फुल कॉलम्स’ चालवा, प्रत्येक कॉलमसमोर त्याचं कोलेशन, म्हणजे तुलनेचे आणि क्रमवारीचे नियम, दिसेल. त्या नावाची सुरुवातच सेटच्या नावाने होते. एखादा जुना कॉलम तिथे लॅटिन घेऊन लपलेला सापडतोच. ‘ऑल्टर टेबल’ आणि ‘कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट’ ही जोडी पूर्ण टेबल एकदम बदलते. बॅकअप घेतल्याशिवाय तिला हात लावू नका.

तिसरी जागा सगळ्यात जास्त विसरली जाते: जोडणी. तुमचा प्रोग्राम डेटाबेसशी बोलताना कोणत्या सेटमध्ये बोलतो, ते वेगळं सांगावं लागतं. जोडणीच्या ओळीत ‘कॅरसेट’ द्या, किंवा जोडणी होताच ‘सेट नेम्स यूटीएफ८एमबी४’ चालवा.

हे चुकलं की दोन प्रकारचा कचरा दिसतो, आणि दोन्हींतला फरक ओळखता आला पाहिजे. नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग आली तर मूळ अक्षरं गेली. साठवतानाच ती फेकली गेली आहेत, कुठल्याही आज्ञेने परत येत नाहीत. नोंदवही उघडायची आणि पुन्हा टंकायचं. पण डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, त्याच्यामागे परकीय चलनाचं गोल चिन्ह, मग आणखी काहीतरी, आणि पुन्हा तोच ए अशी रांग दिसली तर जीवात जीव आणा. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट ‘ई०’ आणि दुसरा ‘ए४’ किंवा ‘ए५’ असतो. ते बाइट लॅटिन समजून वाचले की नेमकी हीच चित्रं दिसतात. म्हणजे बाइट शाबूत आहेत, वाचणारा चुकतोय. लॅटिन१ च्या कॉलमात असे बाइट पडले असतील, तर कॉलम आधी ‘व्हर्बायनरी’ किंवा ‘ब्लॉब’ (नुसते बाइट ठेवणारे प्रकार) करायचा आणि मग यूटीएफ८एमबी४ करायचा. मधल्या बायनरी थांब्यामुळे डेटाबेस भाषांतर करायला जात नाही, बाइट आहेत तसे ठेवतो. थेट ‘कन्व्हर्ट’ केलंत तर तो प्रत्येक बाइटला लॅटिन अक्षर समजून मनापासून रूपांतर करील आणि कचराच साठवून ठेवील. ‘नदी’ची ‘कॅर_लेंग्थ’ ९ येते ती अशाच वेळी.

एक तिसरा प्रकार आपल्याकडे आहे, इतरत्र कमी. जुन्या डीटीपीच्या फाइलींमधून आलेली यादी, जिथे मजकूर खरं तर इंग्रजी अक्षरांतच असतो आणि श्रीलिपी किंवा कृतिदेवसारखा फॉन्ट त्याला मराठीचा मुखवटा चढवतो. डेटाबेसच्या सेटिंगने यात काहीही होत नाही. फॉन्टनुसार रूपांतर करणारं साधन वापरून आधी युनिकोड करा, पहिली दोन-तीनशे नावं डोळ्यांनी वाचा, विशेषतः रफार आणि ऱ्हस्व वेलांटी, आणि मगच आत भरा.

पायरी ३: कोलेशन निवडा, आणि इथे घाई करू नका

कॅरेक्टर सेट अक्षरं कशी साठवायची ते ठरवतो. कुठली अक्षरं सारखी आणि कुठलं आधी येतं, हे कोलेशन ठरवतं. आठव्या आवृत्तीत न मागता मिळणारं कोलेशन म्हणजे ‘यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय’. यातलं ०९०० म्हणजे युनिकोडच्या क्रमवारी नियमांची ९.० आवृत्ती. ‘सीआय’ म्हणजे लहान-मोठी लिपी सारखी धरा, ते आपल्याला लागू नाही. ‘एआय’ म्हणजे अक्षरावरच्या खुणा सोडून द्या. ही सोय फ्रेंच-स्पॅनिशसारख्या भाषांसाठी, तिथे खूण न टाकता शोधणारे लोक असतात. युनिकोडच्या तक्त्यात काना, वेलांटी, उकार यांना पूर्ण वजन आहे. अनुस्वार, चंद्रबिंदू, विसर्ग आणि नुक्ता यांना मात्र दुय्यम वजन दिलेलं आहे, आणि ‘एआय’ नेमकं दुय्यम वजन टाकून देतं. म्हणून नदी आणि नंदी एक. वदन आणि वंदन एक. रग आणि रंग एक.

‘सिलेक्ट’ लिहून दोन शब्दांमध्ये बरोबरचं चिन्ह टाका आणि मागे कोलेशन द्या. उत्तर १ आलं तर दोन्ही शब्द एकच, ० आलं तर वेगळे. कुठल्याही नव्या सर्व्हरवर मी पहिलं काम हेच करतो.

मग उपाय काय? ‘_०९००_एएस_सीएस’ घेतलं की खुणा मोजल्या जातात, नदी आणि नंदी वेगळे होतात. ‘_बिन’ घेतलं तर चिन्ह चिन्हाला तंतोतंत जुळलं पाहिजे. ग्रंथपाल बाईंचा प्रश्न एएस_सीएसने सुटला. सुटला म्हणजे, आठवडाभर.

कारण पुढच्याच आठवड्यात जुन्या नोंदवहीतली पानं चढवताना ‘गांव’ आलं. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. त्याआधीचं छापील साहित्य नांव, गांव, केव्हां, तेथें असंच लिहिलेलं आहे, आणि वाचक शोधतो ‘गाव’. एआय_सीआय असतं तर दोन्ही जुळले असते! ज्या ढिलाईने नंदी अडला, तीच ढिलाई गांव शोधून देत होती. एकाच कोलेशनने दोन्ही साधणार नाही, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

म्हणून आता मी प्रत्येक नावाचे दोन कॉलम ठेवतो. एक ओळखीचा: पुस्तकावर जसं छापलंय तसं, एएस_सीएसमध्ये, युनिक इंडेक्स यावर. दुसरा शोधाचा, त्याला मी ‘शोधकी’ म्हणतो. तो माणसाला कधी दाखवायचा नाही.

क्रमवारीबद्दल थोडंसं. मराठी शब्दकोशात ळ येतो ह नंतर, मग क्ष आणि ज्ञ. युनिकोडच्या तक्त्यात ळ आहे ल च्या शेजारी, व च्या आधी. त्यामुळे कावळा, कासव, काळा अशी आपली रांग यंत्राकडे काळा, कावळा, कासव अशी लागते, आणि क्ष-ज्ञचे शब्द क आणि ज मध्ये मुरलेले सापडतात. मायएसक्यूएलमध्ये मराठीसाठी वेगळं कोलेशन नाही. छापील यादी काढायची असेल तर क्रम प्रोग्राममध्ये लावून घ्या.

पायरी ४: शोधकी तयार करा

दिसायला एक आणि आत वेगळे असे शब्द मराठीत बरेच आहेत. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. काही कीबोर्ड त्यातला ऱ् हे स्वतंत्र चिन्ह म्हणून टाकतात. काही साधा र, हलन्त आणि त्याच्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही एकसारखे. बायनरी तुलनेत दोन वेगळी माणसं, आणि एएस_सीएसमध्येही दोनच. तसंच ‘ॲप’चं. ॲ हे अख्खं चिन्ह युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधीची सवय असलेले लोक अ लिहून त्यावर चंद्र ठेवतात. या जोडीला युनिकोड स्वतःच समतुल्य मानत नाही, त्यामुळे नॉर्मलायझेशन (समतुल्य रूपं एकाच रूपात आणणं) केलं तरी ती जुळत नाही.

शोधकी बनवणारं एकच फंक्शन प्रोग्राममध्ये लिहा आणि तेच दोन्हीकडे वापरा: नोंद साठवताना आणि वाचकाने शोध टाकल्यावर. एकीकडे दुरुस्ती केली आणि दुसरीकडे राहिली, की शोध गुपचूप आंधळा होतो आणि कुणी तक्रारही करत नाही, पुस्तक नाही असंच समजतात.

माझ्या फंक्शनातला क्रम असा. पहिल्यांदा अदृश्य जोडचिन्ह आणि तोडचिन्ह काढा. त्यांचे बाइट ‘ई२ ८० ८डी’ आणि ‘ई२ ८० ८सी’. मग ऱ चा र करा. आता दोन्ही कुऱ्हाडे एक झाले. अ वर चंद्र दिसला की त्याचा ॲ करा. नागरी आणि इंग्रजी आकडे एकाच रूपात आणा, नाहीतर ‘भाग २’ एका लिपीतच सापडेल. पण्डित-पंडित, आम्बा-आंबा यांच्यासाठी अनुनासिकाचा अनुस्वार करा, पण त्याच वर्गातलं व्यंजन पुढे असेल तरच. मी पहिल्यांदा सरसकट केलं होतं, तेव्हा ‘जन्म’चा ‘जम’ झाला होता. न् पुढे त, थ, द, ध असतील तरच हात लावायचा. त्यानंतर सगळे अनुस्वार काढा. शेवटी ऱ्हस्व वेलांट्या-उकार दीर्घ करा, म्हणजे निलम आणि नीलम, गणपति आणि गणपती एकत्र येतील. दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा छाटा. ०९०० च्या कोलेशनांमध्ये शब्दामागची जागाही मोजली जाते, जुन्यांमध्ये मोजली जात नसे.

यात ‘नदी’ आणि ‘नंदी’ची शोधकी पुन्हा एकच होते. होऊ द्या. शोधताना एक ओळ जास्त आली तर माणूस हवी ती निवडतो. आलीच नाही तर त्याला काय करता येणार? शोधकीवर युनिक मात्र चुकूनही लावू नका.

शोधकीचं कोलेशन ‘_बिन’ ठेवा. सगळा शहाणपणा फंक्शनात झालाय, डेटाबेसने आता आपलं डोकं चालवायची गरज नाही.

पायरी ५: इंडेक्स

वाचनालयातला कार्डांचा कपाटखण आठवा. कार्डं पहिल्या अक्षरापासून लावलेली असतात, त्यामुळे ‘पुण’ने सुरू होणारी सगळी कार्डं एका जागी मिळतात. ‘वाडी’ने संपणारी शोधायची तर सगळे खण उपसावे लागतात. डेटाबेसचा नेहमीचा बी-ट्री इंडेक्स असाच आहे. ‘लाइक’ने शोधताना टक्क्याचं चिन्ह म्हणजे ‘इथे काहीही चालेल’. ते शेवटी असेल तर इंडेक्स कामाला येतो, सुरुवातीला असेल तर नाही.

आपल्याकडे दोन्ही प्रकारचे शोध लागतात. गावांची नावं शेपटावरून आठवतात: काहीतरी ‘गाव’, काहीतरी ‘वाडी’. त्यासाठी शोधकी उलटी करून तिसऱ्या कॉलमात ठेवायची, त्यावर इंडेक्स लावायचा आणि शोधताना शब्दही उलटा द्यायचा. उलटवलेला मजकूर वाचायला भयानक दिसतो, पण तो कुणी वाचणार नसतो.

दुसरी अडचण विभक्तीची. ‘पुणे’ आणि मागे टक्का देऊन शोधलं तर ‘पुण्यातील’ सापडत नाही, कारण प्रत्यय लागायच्या आधीच शब्दाचं सामान्यरूप झालेलं असतं. एवढ्यासाठी मोठी यंत्रणा उभारू नका. शोधाच्या चौकटीत शेवटचा स्वर गाळून ‘पुण’ पाठवला तरी बरंचसं काम भागतं.

लावलेला इंडेक्स खरंच वापरला जातो का, हे ‘एक्सप्लेन’ सांगतं. क्वेरीच्या पुढे तो शब्द लावून चालवा आणि ‘टाइप’ रकाना बघा. ‘ऑल’ म्हणजे सगळे खण उपसले, ‘रेंज’ किंवा ‘रेफ’ म्हणजे नेमकी जागा मिळाली. चाचणीच्या वीस-पंचवीस ओळींवर ‘ऑल’ आलं तर घाबरू नका, एवढ्या ओळी सरळ वाचणंच स्वस्त असतं. हजारो ओळी भरून पुन्हा बघा.

इंडेक्स असूनही ‘ऑल’ येत असेल तर बहुतेक वेळा यांपैकी एक झालेलं असतं: कॉलमभोवती ‘ट्रिम’सारखं फंक्शन गुंडाळलेलं असतं, किंवा दोन टेबलं जोडताना एका कॉलमाचा सेट जुना तीन बाइटी आणि दुसऱ्याचा यूटीएफ८एमबी४ असतो. दुसरा प्रकार फार छळतो, कारण उत्तरं बरोबर येतात, फक्त उशिरा. सेट सारखे असून कोलेशन वेगळी असतील, तर बहुतेक वेळा ‘इल्लीगल मिक्स ऑफ कोलेशन्स’ म्हणून डेटाबेस निदान ओरडतो तरी.

आणखी एक: जुन्या टेबलात ‘की टू लाँग’ आलं तर कारण बाइटांचं आहे. इनोडीबी या मायएसक्यूएलच्या साठवण-इंजिनाच्या जुन्या रचनेत इंडेक्सला ७६७ बाइट मिळत, चार बाइटांच्या हिशेबाने १९१ चिन्हं. इंटरनेटवरच्या नमुन्यांत व्हर्कॅर १९१ असा विचित्र आकडा दिसतो तो इथून आला. आताच्या ‘डायनॅमिक’ रचनेत मर्यादा ३०७२ बाइटांची, म्हणजे ७६८ चिन्हांची आहे.

आणि एआय_सीआय वर भरवसा ठेवणाऱ्यांसाठी: ‘लाइक’ चिन्हामागून चिन्ह ताडून बघतं. त्यामुळे बरोबरच्या चिन्हाने जुळणारे गाव आणि गांव ‘लाइक’मध्ये जुळत नाहीत. शोधकी ठेवण्याचं हेही एक कारण.

पोस्टग्रेसवाल्यांसाठी

इथे सेटची कटकट कमी. डेटाबेस बनवताना ‘यूटीएफ८’ द्यायचं, आणि ते खरोखर पूर्ण यूटीएफ-८ आहे. दहाव्या आवृत्तीपासून आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीची कोलेशनं मिळतात, त्यात ‘एमआर-एक्स-आयसीयू’ हे मराठीचं आहे. कावळा-कासव-काळाची चाचणी त्यावर घेऊन बघा. पण ‘सी’ (निव्वळ बाइटांचा क्रम) सोडून दुसरं कोलेशन असलं की साधा इंडेक्स ‘लाइक’ला उपयोगी पडत नाही, तो ‘टेक्स्ट_पॅटर्न_ऑप्स’ देऊन बनवावा लागतो. शब्दाच्या मधलं शोधायचं असेल तर शब्दाचे तीन-तीन चिन्हांचे तुकडे करणारी ‘पीजी_टीआरजीएम’ ही पुरवणी (एक्स्टेंशन) आणि ‘जिन’ प्रकारचा इंडेक्स घ्या. ‘शो_टीआरजीएम’ला एक मराठी शब्द देऊन बघा. रिकामा कंस आला तर डेटाबेसचं लोकेल (भाषेची सेटिंग) ‘सी’ आहे, त्याला देवनागरी अक्षरं ओळखू येत नाहीत. पूर्ण-मजकूर शोधात चौदाव्या आवृत्तीपासून हिंदी आहे, मराठी नाही. प्रत्ययांना हात न लावणारं ‘सिंपल’ ठेवा. हिंदीचे प्रत्यय मराठीवर चालवू नका.

पोस्टग्रेसचा खरा दगा वेगळीकडे आहे. आयसीयू न वापरता ऑपरेटिंग सिस्टिमचं कोलेशन घेतलं, तर लिनक्सवर इंडेक्समधला क्रम त्या सिस्टिमच्या जी-लिब-सी या फंक्शनांच्या लायब्ररीवर अवलंबून राहतो. २०१८ मध्ये तिच्या २.२८ आवृत्तीत क्रमवारीचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. डेबियन १० किंवा रेडहॅट ८ वर गेलेल्या सर्व्हरांत कार्डं जुन्या क्रमाने लावलेली आणि शोधणारा नव्या क्रमाने शोधणारा, अशी गत झाली. नोंद असते, सापडत नाही, आणि युनिक इंडेक्स दुसरी नोंदही घेतो. सिस्टिम बदलली की ‘रीइंडेक्स’ करायचंच.

मी कामाच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल ठेवली आहे. तिच्यात नदी-नंदी, गाव-गांव, दोन्ही कुऱ्हाडे, दोन्ही ॲप, कावळा-कासव-काळा आणि नमस्काराचे हात एवढंच आहे. सर्व्हर बदलला, आवृत्ती चढवली, बॅकअप दुसरीकडे उतरवला, की आधी ती चालवतो आणि मगच बाईंना फोन करतो.